कातळापोटी गारगोटी

‘हिऱ्यापोटी गारगोटी’ ही म्हण ज्यानं कुणी पहिल्यांदा वापरली, त्यानं दोन्ही दगड नीट पाहिले नसावेत असं माझं मत आहे. कर्तबगार बापाच्या घरी निकामी पोर निघालं की ही म्हण तोंडावर फेकायची. हिरा म्हणजे मोल, गारगोटी म्हणजे मातीमोल. म्हणीला भूगर्भशास्त्राचा पेपर सोडवायला लावू नये, मान्य. पण म्हण हीसुद्धा एक प्रकारची समीक्षाच असते. फक्त तिच्यात युक्तिवाद नसतो, थेट निकाल असतो. आणि हा निकाल अशा प्रदेशात दिला गेलाय, जिथल्या गारगोट्या बघायला जगभरचे संग्राहक जीव टाकतात.

या लेखात मला त्या निकालाची उलटतपासणी करायची आहे. सोबत निळ्या आणि हिरव्या खड्यांबद्दल लिहिले गेलेले आणखी काही मजकूर तपासायचे आहेत: एक जुना संस्कृत, एक तुमच्या फोनवरच्या शॉपिंग अॅपमधला, आणि एक संग्रहालयातल्या चिठ्ठीएवढा. मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनिअरिंग करून कोड लिहितो. पण दिवसातला निम्मा वेळ दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचून ‘हे नेमकं काय करतंय आणि काय लपवतंय’ हे शोधण्यात जातो. तीच सवय इथं वापरतोय.

आधी खडे. पहिला निळा. त्याचं नाव कॅव्हन्साइट. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात तो १९६० च्या दशकात पहिल्यांदा सापडला आणि १९७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. तिथं मिळाले ते बारीक कण. त्याचे खरे देखणे नमुने निघाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते जगभर पोहोचले. आमच्या पिढीला वाघोली म्हणजे खराडीच्या आयटी पार्कपासून परवडणाऱ्या भाड्याचं गाव, ट्रॅफिक आणि टँकर. खनिजांच्या जगात मात्र वाघोली हा शब्द कॅव्हन्साइटशिवाय उच्चारला जात नाही. पांढऱ्या किंवा मलईच्या रंगाच्या स्टिल्बाइटच्या गादीवर बोराएवढा, कधी सुपारीएवढा गोळा बसलेला असतो. जवळून पाहिलं तर तो गोळा म्हणजे केंद्रातून सगळीकडे फुटलेल्या बारीक सुया. रंग गोकर्णीच्या फुलाचा. त्यात आभाळाचा फिकेपणा नाही आणि शाईचा काळेपणाही नाही.

दुसरा हिरवा. अपोफिलाइट. हा मुळात बिनरंगी किंवा पांढरा असतो आणि दख्खनच्या दगडात भरपूर सापडतो. पण पाषाणच्या खाणींतून आणि पुढे राहुरीजवळच्या मोमीन आखाड्यातून त्याचे हिरवे स्फटिक निघाले. चौकोनी बूड, वर पिरॅमिडसारखं निमुळतं टोक, आणि आत केळीच्या कोवळ्या पानातून ऊन यावं तसा उजेड. एका विशिष्ट बाजूनं पाहिलं की त्याच्यावर मोत्यासारखी झाक येते. त्यामुळे युरोपात एके काळी त्याला ‘माशाच्या डोळ्याचा दगड’ म्हणायचे. आताचं नाव ग्रीक आहे. तापवला की त्यातलं पाणी निघून जातं आणि पापुद्रे सुटतात, म्हणून ते पडलं.

खरी गंमत पुढे आहे. या दोन्ही रंगांमागे एकच धातू आहे, व्हॅनेडियम. १९७४ साली जॉर्ज रॉसमन यांनी पुण्याच्या हिरव्या अपोफिलाइटवर एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हा हिरवा लोखंडाचा किंवा तांब्याचा नसून व्हॅनेडियमचा आहे, हे त्यांनी प्रकाश-शोषणाच्या मोजमापांवरून दाखवलं. दोन्हीकडे हा धातू ऑक्सिजनच्या जोडीनंच बसलेला असतो, पण आजूबाजूचे अणू वेगळे. त्यामुळे पांढऱ्या प्रकाशातला कोणता भाग गिळायचा आणि कोणता परत पाठवायचा हे बदलतं. एकाकडून निळा येतो, दुसऱ्याकडून हिरवा.

आणि दोघांत एक मोठा फरकही आहे. कॅव्हन्साइटमध्ये व्हॅनेडियम हा घरचा कर्ता आहे. तो काढला तर कॅव्हन्साइट उरतच नाही. अपोफिलाइटमध्ये तो पाहुणा आहे, चिमूटभर आलेला. तो नसला तरी अपोफिलाइट अपोफिलाइटच राहतो, फक्त बिनरंगी. पहिल्याचा चुरा केला तरी त्यात निळसर झाक राहते. दुसऱ्याचा चुरा पांढरा. सौंदर्याबद्दल बोलताना आपण ‘रंग’ हा एकच शब्द वापरतो, पण अंगचा रंग आणि पाहुणा रंग हा भेद माझ्या मते फार कामाचा आहे. पाचूचा हिरवा पाहुणाच असतो: क्रोमियमचा, कधी व्हॅनेडियमचा. नीलमचा निळाही पाहुणाच, लोखंड आणि टायटॅनियमचा. म्हणजे ज्यांना आपण महारत्नं म्हणतो त्यांचे रंग बाहेरून आलेले, आणि ज्याला गारगोटीत काढलं त्याचा निळा स्वतःचा.

आता पहिला मजकूर. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, रत्नांवर काही अध्याय आहेत. पाचूबद्दल तिथं फारच थोडं लिहिलंय. त्याची चमक कशी असावी हे सांगताना ग्रंथकार पोपट, बांबूचं पान, केळ आणि शिरीषाचं फूल एकामागोमाग ठेवतो. मला हे वर्णन म्हणून उच्च दर्जाचं वाटतं. कारण हे चार वेगळे हिरवे आहेत. पोपटाचा हिरवा अपारदर्शक आणि तकतकीत, बांबूच्या पानाचा कोरडा, केळीच्या पानाचा उजेड आरपार जाऊ देणारा, शिरीषाचा पिवळसर आणि मऊ. हेक्स कोड नसलेल्या काळात त्यानं चार बिंदू देऊन रंगाचा एक पट्टाच आखून दिला. आणि प्रत्येक बिंदू असा, की ऐकणाऱ्याला परसात जाऊन पडताळून पाहता यावा.

पण पुढच्याच दमात तो फायद्यावर येतो. देवकार्यात आणि पितृकार्यात हे रत्न धारण करणं शुभ, वगैरे. आधी डोळा, लगेच लाभ. हा साचा लक्षात ठेवा, कारण दीड हजार वर्षांनी तो तसाच्या तसा तुमच्या फोनवर येतो. फरक एवढाच, की मधल्या काळात पहिला भाग गळून पडलाय.

कॅव्हन्साइट किंवा हिरवा अपोफिलाइट विकणारं कुठलंही ऑनलाइन दुकान उघडा. मजकूर साधारण ठरलेला असतो: दुर्मीळ, शक्तिशाली, अमुक चक्र उघडतो, अंतर्ज्ञान वाढवतो, उशाशी ठेवा. निळा असेल तर घशाचं चक्र, हिरवा असेल तर हृदयाचं. म्हणजे रंग बघून चक्र वाटलेलं, एखाद्या ड्रॉपडाउनमधून निवडावं तसं. निळ्याची जात कोणती, सुया लांब की आखूड, खाली पांढरी गादी आहे की नुसता काळा दगड, यातलं काही नाही. तीच वाक्यं दुसऱ्या कुठल्याही निळ्या खड्याखाली चिकटवली तरी खपतील. समीक्षेत एक साधी कसोटी लावता येते. मजकुरातून वस्तूचं नाव काढून टाकलं तर वस्तू ओळखू येते का? बृहत्संहितेतला पाचू ओळखू येतो. अॅपवरचा कॅव्हन्साइट येत नाही.

तुम्ही म्हणाल, वर्णन कशाला, फोटो आहे की. तर फोटोबद्दल. गडद, शुद्ध निळा हा स्क्रीनसाठी कठीण रंगांपैकी एक आहे. साध्या डिस्प्लेला दाखवता येणाऱ्या रंगांची एक हद्द असते. खरा रंग तिच्याबाहेर गेला की सॉफ्टवेअर त्याला ओढून हद्दीवर आणतं. मग सुयांमधला फरक मिटतो आणि सगळा गोळा एकसारख्या निळ्या डागासारखा दिसतो. वर फोनचा कॅमेरा आपण होऊन पांढऱ्याचं संतुलन साधतो, रंग थोडे चढवतो. विकणाराही वरून हात मारतो. शिवाय कॅव्हन्साइटच्या स्फटिकाची एक खोड आहे. प्रकाशाच्या एका दिशेनं तो निळा असतो, दुसऱ्या दिशेनं जवळजवळ बिनरंगी. हातात धरून फिरवला तर हे जाणवतं. स्थिर फोटोत हा गुण कधीच उतरणार नाही. म्हणून मला वाटतं की फोटोच्या काळात वर्णनाची गरज वाढलीय. फोटोनं जे खाल्लं ते शब्दांनी परत द्यायला हवं होतं.

मराठीत त्यासाठी शब्द आहेत का? रंगांचे तर आहेत: मोरपिशी, मोरचुदी, शेवाळी, पोपटी, आस्मानी. साडीच्या दुकानात हे सगळे जिवंत आहेत. दगडाशेजारी मात्र ते फारसे येत नाहीत. आपल्या साहित्यात सह्याद्रीचा दगड काळा, राकट, कणखर असतो. गोविंदाग्रजांच्या महाराष्ट्रगीतापासून किल्ल्यांवरच्या इन्स्टा कॅप्शनपर्यंत दगडाळपणा हा आपल्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो अभिमान बाहेरून दिसणाऱ्या कड्याचा आहे. कड्याच्या आत पोकळ्या आहेत, त्यात पांढरं, हिरवं, गुलाबी, निळं काही वाढलंय, हे त्या प्रतिमेत बसत नाही. मऊ आणि रंगीत सह्याद्री आपल्याला थोडा अडचणीचाच वाटतो. विहिरीच्या कामातली माणसं मात्र पोकळ्या भरलेल्या या ठिपक्याठिपक्यांच्या थराला ‘मांजऱ्या खडक’ म्हणतात. तो कठीण काळ्या थरापेक्षा लवकर झिजतो, हे त्यांना कामातून माहीत असतं. सगळ्या मराठी शब्दांत मी या शब्दाला सगळ्यात जास्त गुण देईन. त्यात गौरव नाही, तुच्छताही नाही, नुसतं बघणं आहे.

या पोकळ्या कशा झाल्या ते थोडक्यात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थंड होताना आतल्या वायूचे बुडबुडे अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे प्रदीर्घ काळ त्यांतून गरम, खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक धरत गेले. बऱ्याच पोकळ्यांना आधी हिरवट-निळसर, मातकट असं अस्तर लागतं. ते सेलाडोनाइट. पावसाळ्यानंतर कर्जतकडच्या ओढ्यांत गोटे फोडले तर पांढऱ्या गारगोटीभोवती हा हिरवा मुलामा दिसतो. लहानपणी आम्हाला ते शेवाळ वाटायचं.

या हिरव्याचा इतिहास आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत जो हिरवा आहे तो हिरव्या मातीचा, म्हणजे याच जातीच्या खनिजांचा. दख्खनच्या दगडात तो हाताशी होता. निळा मात्र लाजवर्दाचा, म्हणजे लॅपिस लाझुलीचा, आणि तो अफगाणिस्तानच्या डोंगरांतून आणावा लागायचा. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला हिरवा घरचा मिळाला आणि निळ्यासाठी हजारो मैलांवर अवलंबून राहावं लागलं. त्याच प्रकारच्या लाव्हाच्या थरांत, पुण्याजवळ, एक अस्सल निळा पडून होता, याची कुणालाच कल्पना नव्हती. अर्थात असती तरी भिंतीला पुरेल एवढा कॅव्हन्साइट मिळाला नसता. पण मला ही वस्तुस्थिती म्हणून आवडते.

हे खडे दागिन्यात का नाहीत, याचं उत्तर सोपं आहे. कॅव्हन्साइटचा कठीणपणा मोहस् मापावर ३ ते ४, अपोफिलाइटचा साडेचार ते ५. साध्या चाकूनं ओरखडा पडतो. अपोफिलाइट तर एका दिशेनं सपकन चिरतो. अंगठीत बसवला तर भांडी घासताना संपेल. रत्न म्हणजे जे बोटात टिकतं ते, ही व्यवहाराची व्याख्या आहे आणि व्यवहारात ती बरोबरच आहे. माझी तक्रार एवढीच, की ती व्याख्या सौंदर्याचीही व्याख्या होऊन बसली. टांझानाइट पाहा. त्याचाही निळा-जांभळा रंग व्हॅनेडियमचाच. पण तो बराच कठीण, पैलू पाडता येण्याजोगा. १९६० च्या दशकाच्या शेवटी टिफनी कंपनीनं त्याला देशाचं नाव दिलं, बाजार दिला, आणि आज तो सराफाच्या काचेत आहे. कॅव्हन्साइटचं नाव कसं पडलं? कॅल्शियमचा ‘का’, व्हॅनेडियमचा ‘व्हॅन’, सिलिकेटचा ‘सि’. घाईत असलेल्या प्रोग्रामरनं व्हेरिएबलला द्यावं तसं नाव. आत काय आहे ते अचूक सांगतं, पण कुणालाही प्रेमात पडू देत नाही. तरी दोन्हींपैकी मला हेच नाव जास्त प्रामाणिक वाटतं.

म्हणीला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं ते नाशिक जिल्ह्यात. सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत के. सी. पांडे यांनी खनिजांचं संग्रहालय उभारलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘गारगोटी’. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द पाटीवर लावला. मराठी भाषेच्या बाबतीत हे काम मला एखाद्या चांगल्या कवितेइतकं मोठं वाटतं. पण खनिज संग्रहालयांची एकूण पद्धतच अशी असते की दगड काचेत, खाली काळं कापड, वर नेमका प्रकाश. खडा दिसतो, तो ज्या कातळात होता तो दिसत नाही. सुरुंग लागल्यावर पोकळी उघडी पडली तेव्हा आत पहिल्यांदा पाहणारा खाणकामगारही दिसत नाही. खडीच्या खाणीत कुणी खनिजं शोधायला जात नाही. रोजचं टनेज काढायला जातात. तिथं पोकळी म्हणजे मालातला दोष. अशा वेळी एक स्फटिक शाबूत बाहेर येतो, कारण कुणीतरी क्रशरकडे जाणारा दगड बाजूला ठेवलेला असतो. हे बाजूला ठेवणं म्हणजे रसग्रहणच की. त्याची नोंद मात्र कुठंच राहत नाही. बाकीचं सगळं खडी होऊन आपल्या स्लॅबमध्ये, रस्त्यात जातं. वाघोलीतल्या एखाद्या फ्लॅटच्या काँक्रीटमध्ये निळा चुरा असेलही.

शेवटचा मजकूर सगळ्यात छोटा: नमुन्याबरोबरची चिठ्ठी. खनिजाचं नाव आणि सापडल्याचं ठिकाण, बास. संग्राहकांच्या जगात ठिकाणाला दगडाइतकंच महत्त्व असतं. ठिकाण हरवलेला नमुना अर्धा मेलेला. कुठलंही विशेषण नसलेल्या या चिठ्ठीवर मला पोथी आणि अॅप या दोघांपेक्षा जास्त विश्वास ठेवावासा वाटतो. म्हणूनच तिची चूक जास्त टोचते.

आमच्या भागाचा या गोष्टीत वाटा आहे तो भोर घाटाच्या रेल्वेमुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीनं हे काम १८५६ साली सुरू केलं. त्याच वर्षी खोपोलीपर्यंत गाडी आली. प्रवासी तिथं उतरून पालखीनं किंवा पायी घाट चढायचे. घाटातली लाइन पूर्ण व्हायला १८६३ उजाडलं. २५ बोगदे, सुमारे ५५० मीटरचा चढ, आणि एका टप्प्यावर ४० हजारांहून जास्त मजूर. कॉलऱ्यानं आणि अपघातांनी त्यातले हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अॅलिस हिनं काम पुढे नेलं, ही कथा रेल्वेप्रेमींना पाठ असते. मजुरांची नावं कुणालाच पाठ नाहीत. आजही कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं जोडली जातात तेव्हा तोच चढ समोर असतो.

ते बोगदे आणि ती खोदकामं म्हणजे दख्खनच्या दगडात तोवर मारलेल्या सगळ्यात मोठ्या छेदांपैकी एक. आतल्या पोकळ्या फुटल्या आणि अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइटचे मोठमोठे नमुने बाहेर आले. बहुतेक पांढरे आणि बिनरंगी. ते साहेबांच्या सामानातून युरोपातल्या संग्रहालयांत गेले. काहींवर ‘भोर घाट’ किंवा ‘खंडाळा’ असं लिहिलं गेलं. पण बऱ्याच जुन्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘पूना’ आहे, कारण जवळचं नाव घेण्याजोगं शहर तेच. पुढे व्यापाऱ्यांनीही ही सवय उचलली. नेमकी खाण सांगितली तर दुसरा व्यापारी तिथं पोहोचेल, म्हणून कधी ‘पूना’, कधी ‘जळगाव’. जर्मन अभ्यासक बर्टहोल्ड ऑटेन्स यांनी २००३ साली ‘मिनरलॉजिकल रेकॉर्ड’मध्ये भारतातल्या झिओलाइटांवर दीर्घ लेख लिहिला. या खनिजांकडे नेमक्या गावा-खाणींसकट पाहायचं असेल तर तो वाचायला हवा. तो इंग्रजीत आहे. मराठीत त्या तोडीचा लेख माझ्या वाचनात आलेला नाही.

त्यामुळे पळसदरी ते खंडाळा या टप्प्यात, कर्जत-खालापूरच्या हद्दीत फुटलेल्या एखाद्या पोकळीतला अपोफिलाइट आज युरोपात कुठल्यातरी काचेमागे असेल आणि त्याच्या चिठ्ठीवर ‘पूना’ असेल. तो बोगदा क्रमांक किती, कुणाच्या पहारीखाली तो निघाला, हे लिहायला चिठ्ठीत जागा होती. आता ते शोधून काढायचा कुठलाही मार्ग नाही.